राजाच्या बाजूचं पोस्टर

२ जानेवारी १९९७, गुरुवार

वैशू शाळेतून आली ती दप्तर आपटून. नववीत गेली तरी ही खोड जात नाही. इतिहासाच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या उचलायला लावल्या. अमेरिकेत म्हणे इंग्रजांविरुद्ध बंड झालं होतं, आपल्या आधी कितीतरी वर्षं. निम्म्या पोरींनी बंडवाल्यांच्या बाजूनं प्रचाराची पोस्टरं करायची, निम्म्यांनी राजाच्या बाजूनं. सव्वीस तारखेला शाळेत लावणार, नंबर काढणार. वैशूच्या चिठ्ठीत राजा निघाला.

"मग रडतीस कशाला? राजा मिळाला की."

"आजी, इंग्रजांचा राजा! झेंडावंदनाच्या दिवशी! सगळ्या पोरी हसतायत."

हसू देत. चिठ्ठी उचलताना डोळे मिटले असतील हिनं. मी मिटत नाही.

ही वही तिची गेल्या सालची, अर्धी उरलेली. मी बोलते, ती लिहिते. मी न्हाय म्हटलं की ही नाही लिहिते, हाय म्हटलं की आहे; कुणाचं बोलणं असलं तर तेवढं तसंच ठेवते. म्हणते, वाचणाऱ्याला बरं वाटतं. वाचणार कोण, हीच.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, ते गेले तरी. मग हिनं युक्ती काढली. आ. लिहायचं, आजोबांचा आ, आणि भोवती गोल. पानावर बांगडी पडल्यासारखी दिसते. अख्ख्या वहीत मला ओळखता येते ती तेवढी एक खूण.

४ जाने., शनिवार

सकाळची शाळा. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसलो. निम्म्या शेंगा वैशूच्या पोटात. बंड सगळं समजून घेतलं.

राजानं चहावर कर बसवला म्हणून लोकांनी जहाजावर चढून चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या. विचारलं, पेट्या कुणी उचलल्या, मालकांनी का हमालांनी? पुस्तकात नाही. समुद्राचं पाणी तांबडं झालं का? पुस्तकात नाही. माझा लेक रमेश, वैशूचा बाप, एसटीत कंडक्टर. त्याला भिगवणच्या स्टँडवर चहा मिळाला नाही तर तोही बंड करील, पण चहा टाकणार नाही.

"तितं रानात राबत कोन हुतं गं?"

"गुलाम. आफ्रिकेतून धरून आणलेले. विकत घ्यायचे त्यांना."

"बंडवालेबी घ्यायचे?"

"हो."

"मग ते गुलाम कुनाच्या बाजूचे?"

पुस्तकात नाही. पुस्तक केवढं जाड, आणि मी विचारते तेवढंच त्यात नेमकं नाही. म्हटलं, बाईंना विचार. म्हणाली, परीक्षेला येत नाही.

७ जाने.

पहिलं पोस्टर झालं. राजा काढला. टोपी, झालर, सोनेरी बटणं.

"हा बँडवाला का?"

"आजी! राजा आहे."

"आन् त्येच्या पायाशी कुत्रं?"

"सिंह आहे तो."

रुसली. जेवायलाही उशिरा बसली. मी खरं तेच सांगितलं. मतदानाला आम्ही चित्र बघूनच शिक्का मारतो, चित्र कळलं नाही तर मत भलत्याला. पोस्टर वाचता येणाऱ्यासाठी असतं, ही शिकलेल्यांची समजूत. शेवटी तिनं माझी अट मान्य केली. चित्रावर एक अक्षर नाही लिहायचं. मला कळलं तर पास.

९ जाने.

म्हटलं, पोस्टर कशाला म्हणतात ते मला विचार, मी लावलीत. वैशूला खरं वाटेना.

धरणाचं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही पळसदेवला, जुन्या गावात, नदीच्या काठाला. आ. चौथी शिकलेले. एक दिवस छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, "गाव सोडणार न्हाय, असं लिवलंय." मला एवढा आनंद झाला की मी घरातली होती नव्हती ती कणीक काढून खळ शिजवली. पाण्यात गुठळी होऊ द्यायची नाही, आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही.

बाजाराचा दिवस बघून निघालो. गाव रिकामं. मी खळ फासायची, आ. कागद डकवायचे. वेशीपासून चावडीपर्यंत. देवळाच्या मागच्या भिंतीलाही एक. त्या भिंतीला माझा हात जन्मात पहिल्यांदा लागला, तोही खळीनं भरलेला.

दिवस मावळायच्या आत आमच्या आळीतल्या बाया गोळा केल्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. "आमी गाव सोडणार न्हाय." मला वाचता येत नाही, त्यांना येत नाही, छान जमलं. पाटील बाजारातून येत होते. थांबले, हसले. म्हणाले, "वाच, वाच. झ्याक वाचतीस." मी आणखी एकदा वाचलं.

गाव बुडालंच. पण एक कागद मी जपून ठेवलाय. पेटीत, लुगड्यांखाली. किल्ली कमरेला. आमच्या ह्यांनी एवढ्या मोठ्या धरणाला नाही म्हटलं होतं, ते त्या कागदावर आहे.

वैशू आत्ताच दाखव म्हणते. पेटीवर ज्वारीचं पोतं आहे. उद्या.

१० जाने., शुक्रवार

पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास. कागद पिवळा पडलाय, पण धड आहे.

वैशूनं वाचायला घेतलं. "गावकरी बंधूंनो" म्हणाली आणि थांबली.

"पुढं पुसट झालंय आजी."

खोटं बोलली की हिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. आ.चेच कान.

"पुसट तुजी आजी झालीया. कागद न्हाय. वाच."

वाचलं.

गाव सोडणार नाही, असं त्यात कुठंच नाही. त्यात आहे, धरणाला साथ द्या. जुनं गाव खुशीनं मोकळं करा. नवीन गावठाण मिळेल, सरळ रस्ते, सर्वांना एकच पाणवठा. खाली सरकारी शिक्का.

दोनदा वाचायला लावलं. रमेश ड्यूटीवरून आल्यावर त्याच्याकडून तिसऱ्यांदा. त्यानंही तेच वाचलं. तो त्या वेळी बारामतीला बोर्डिंगात होता, त्याला काही माहीत नाही. "जाऊ दे आई, लई वर्सं झाली," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

म्हणजे आमचं गाव बुडवायचा कागद मी माझ्या घरच्या कणकीनं

११ जाने.

आज अंग दुखतंय. ज्वारी निवडली. हवा गार आहे. बाकी काही नाही.

१३ जाने., सोमवार

दोन दिवस डोक्यात एकच.

एक आठवलं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि आ.नी कानाला टॉवेल गुंडाळला होता. विचारलं तर म्हणाले, वारं लागतंय. झाडाचं पान हलत नव्हतं. माणूस चौथी शिकलेला, पण आपले कान आपल्याला दगा देतात एवढं त्याला बरोबर माहीत होतं.

पाटील का हसले तेही आता कळलं. एवढ्या वर्षांनी मला लाज वाटली, आणि पाटील तर केव्हाचे गेले. माझं ऐकून कुणी चूल हलवायला उशीर केला असेल का? बाया मला विचारून विचारून घरी जायच्या, नक्की तसंच लिहिलंय ना?

आ. सरकारच्या बाजूचे होते, हे मी पचवीन. मला का नाही सांगितलं? मी बावळट म्हणून? का घरातली कणीक देणार नाही म्हणून?

वैशू म्हणते, पोस्टर राहू दे, बाईंना सांगते जमलं नाही. म्हटलं, खबरदार. आता तर मला बघायचंच आहे, राजाच्या बाजूला माणूस जातो कसा.

१५ जाने.

वैशू धावत आली. दप्तर आपटलं नाही, म्हणजे काहीतरी मोठं. बाईंनी लायब्ररीतलं एक पुस्तक काढून दिलं. त्यात सापडलं. राजाच्या माणसानं तिकडं जाहीर केलं होतं की बंडवाल्यांचे जे गुलाम आमच्याकडून लढायला येतील ते मोकळे. आणि गेले म्हणे. पोराबाळांसकट पळून गेले.

"बंडवाले स्वातंत्र्य स्वातंत्र्य करत होते आणि ह्यांचे गुलाम राजाकडं पळत होते, आजी!"

"मग राजानं सोडलं त्यास्नी?"

"काहींना सोडलं. काहींना नाही. राजाच्या माणसांकडं पण गुलाम होतेच."

हां. आता जरा कळायला लागलं. राजा चांगला होता म्हणून नाही गेले. गावात त्यांचं काय होतं, म्हणून गेले.

मग हातातलं काम बाजूला ठेवलं. वैशूनं विचारलं, काय झालं? सांगितलं, तो कागद आण, आणि पाणवठ्याची ओळ तेवढी परत वाच.

रविवारी रमेशच्या गाडीनं पळसदेवला जाते. जुन्या गावचा तात्या तिथं आहे, त्याला गाठायचं.

१९ जाने., रविवार

जाऊन आले. रमेशनं लेकाची माया न दाखवता पुरं तिकीट फाडलं. आईला तिकीट, बरोबर आहे, नोकरी आहे.

तात्या आ.चा जोडीदार, आमच्याच आळीतला. आता पाण्यात जाळी टाकतो. ज्या रानात भांगलण केली त्याच्यावर होडी चालवतो. पाणी अजून भरलेलं, देऊळ दिसत नाही. उन्हाळ्यात दिसेल म्हणाला.

कागद त्याच्या पुढं धरला. बघितला, आणि जाळं विणत राहिला.

"तात्या, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय की. तुला न्हाय व्हय?"

"मला वायलंच सांगितलं हुतं."

मग हसला मेला. दात नाहीत, हिरड्यांनी हसला. मी म्हटलं, हसा, पाटलाच्या पंगतीला बसा. तेव्हा थांबला.

म्हणाला, "वैनी, वरचा घाट कुनाचा हुता?"

"त्येंचा."

"आन् खालचा?"

"आपला."

"वर म्हशी धुवायच्या, आन् खाली आपन त्येच पानी भरायचं. आपन धर्म बदलला, तरी घाट काय बदलला न्हाय. तो म्हनायचा, गाव बुडालं तर घाटबी बुडंल. नव्या गावठानात नळ एकच असनार, कागदावर लिवून दिलंय."

मला खालचा घाट आवडायचा. हे तात्याला सांगितलं नाही, इथं सांगते. तिथं आमच्या आम्हीच असायचो. सासू नाही, पाटलीण नाही. एवढं हसायचो की वरच्या बाया वाकून बघायच्या. माझी दोन्ही लेकरं तिथल्या दगडावर न्हाली. धाकटी राहिली नाही, ती त्याच काठाला आहे. आता पाण्याखाली.

निघताना तात्या म्हणाला, "एक सांग. त्यानं खरं सांगितलं असतं, तर केली असतीस खळ?"

गाडी आली म्हणत उठले. गाडी यायला अजून बराच वेळ होता.

२० जाने.

नव्या गावठाणात नळ आला होता, हे खरं. पाणी त्याच्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. पण आलं तेव्हा रांगेत पाटलीण माझ्या मागं उभी होती. मी मुद्दाम हंडा दोनदा विसळला.

आ. लांबून बघत होते. हसत होते. मला वाटलं, माझ्या खोडीला हसतायत.

२२ जाने., बुधवार

पोस्टर झालं. दोन दिवस घरात रंगच रंग, सुनेनं डोक्याला हात लावला.

डाव्या अंगाला बंडवाला. गाडीवर उभा राहून भाषण करतोय, तोंड एवढं उघडं, एक हात वर. दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला गुलाम, कमरेला बांधलेला. उजव्या अंगाला राजाचं जहाज, फळी खाली सोडलेली. राजाचं तोंड काढायचंच नाही, परत बँडवाला व्हायचा. नुसता झालरीचा हात, त्यात विळा, दोरी कापायला पुढं केलेला.

"राजाचा दुसरा हात कुटाय?"

"दुसऱ्याची गरज नाही आजी."

"हाय. पाठीमागं काड. दुसऱ्या हातात काय हाय ते कळाय नगं."

वैशू म्हणाली, राजाच्या बाजूचं पोस्टर आहे, प्रचारात असलं दाखवत नाहीत. बरोबर आहे तिचं. आमच्या कागदावर तरी कुठं होतं? बराच वेळ वाद. शेवटी असं ठरलं की दुसरा हात कागदाच्या कडेबाहेर जाऊ द्यायचा. दिसत नाही, पण गेलाय हे कळतं.

"पास?" वैशूनं विचारलं.

पास.

खळ मी केली. कणीक, पाणी, मोरचूद. गुठळी झाली नाही. हात विसरत नाही.

२६ जाने., रविवार

शाळेत गेले. नवं लुगडं. पोरींचे पाय एका चालीवर पडत होते, वैशूचा एक चुकला, मी बघितला.

बंडवाल्यांची पोस्टरं हॉलमध्ये समोर. चहाच्या पेट्याच पेट्या. घोषणा मोठ्या मोठ्या, मला काय कळणार. वैशूचं पोस्टर तिथं नाही. बाईंना आवडलं होतं, पण म्हणाल्या, पाहुणे येणार, झेंडावंदनाचा दिवस, उगाच कुणी विचारायला नको. त्यांनी ते मागच्या व्हरांड्यात लावलं, पाण्याच्या टाकीजवळ.

वैशूचं तोंड उतरलं. मी म्हटलं, वेडे, हॉलमध्ये पाहुणे एकदा येतील, पाण्याला सगळी शाळा येईल.

तिथंच कट्ट्यावर बसून राहिले. पोरी येत होत्या, पाणी पीत होत्या, बघत होत्या. कुणी म्हणे सिनेमाचं आहे. मग शाळेत पाणी भरणारी मावशी आली, माझ्यासारखीच, अंगठेबहाद्दर. बादली खाली ठेवली. दोरी बघितली, ज्यानं धरली त्याचं तोंड बघितलं. झालरीचा हात बघितला. कागदाच्या कडेपाशी बोट नेलं.

"ह्येचा दुसरा हात कुटं गेला वो?"

मावशी बादली उचलून गेली, जाताना परत वळून बघितलं.

वैशूला सांगितलं तेव्हा तिनं मला भर शाळेत मिठी मारली. नंबर आला नाही. तात्याचा प्रश्न तेवढा परतीच्या वाटेवर सोबत होता.

२८ जाने., मंगळवार

वैशू शाळेत असताना वही घेऊन बसले. वाचता येत नाही म्हणून काय, माझीच वही. बांगड्या बघत होते. पुष्कळ पानांवर आ. दिसतात. एका पानावर तर इतक्या की कासाराचं दुकान.

काही पानं बांगडीविना, पण त्यातलं एक वेगळंच. थोडंसंच लिहिलेलं, बाकी कोरं. मागची पुढची पानं लावून बघितली. पेटी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान.

त्या दिवशी मी दुपारभर बोलत होते. आ.ना जे जे बोलले ते उभ्या संसारात बोलले नव्हते. धाकटीचं बोलले. तिला पाण्यात टाकलंत आणि खळ माझ्याकडून करून घेतलीत, असं बोलले. वैशूचं पेन चालताना मी या डोळ्यांनी बघितलं होतं.

ती आल्यावर पान पुढं धरलं. "ह्यात काय लिवलंय?"

वाचून दाखवलं. अंग दुखतंय. ज्वारी निवडली. हवा गार आहे.

"आन् मी बोलले ते?"

"तू फार रागात होतीस आजी. दोन दिवसांनी तुलाच वाईट वाटलं असतं."

"मग पेन कशाचं चालत हुतं?"

वहीचं अगदी शेवटचं पान उघडून दाखवलं. सगळ्या पानभर राजाची तोंडं. एकही राजासारखं नाही.

हसायला आलं, आणि मग आलं नाही. हीसुद्धा. हिच्या मनात माझं वाईट नव्हतं. त्यांच्याही नसेल. दोघांनी माझ्यासाठी ठरवलं, आणि दोघांना वाटलं, हिला काय कळणार.

म्हटलं, घे पेन. त्या दिवशीचं आता लिही. शब्द न शब्द.

पेन घेऊन बसली. "सांग."

मला त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं आठवेना. राग शोधला, तर तो हंडा विसळणारी मी आणि लांबून हसणारे आ. दिसायला लागले. आणि तात्या. केली असतीस खळ? केली असती, असं म्हणावंसं वाटतं. पण आज नळाचं पाणी पिऊन म्हणणं सोपं आहे.

शेवटी म्हटलं, त्या पानावर खाली जागा आहे, तिथं एक बांगडी काढ. नुसती. आत काही लिहू नको.

काढली. पण पेन गोल फिरून झाल्यावरही जरा हललं.

"आत काय लिवलंस?"

"काही नाही."

कान बघायला गेले, तर पोरीनं वेणी सोडून केस पुढं घेतले होते.